बोराएवढी गाठ

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कशावर लिहू?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर सर्जरी केली. एखादी न विसरता येणारी केस लिहा." मी केस सांगितली.  मग घसा खाकरत ते म्हणाले, "बाई, दिवाळी अंक आहे. घरातली सगळी माणसं वाचतात हो." मी म्हटलं, "अहो, त्यातल्या निम्म्या माणसांकडे हा अवयव असतो आणि उरलेल्या निम्म्यांना त्याची काळजी असते. मग अडचण कुठे आहे?" ते हसले, म्हणून हा लेख तुमच्या हातात आहे. ज्यांना लाज वाटेल त्यांनी पान उलटून सरळ चकलीच्या भाजणीकडे जावं, माझं काही म्हणणं नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात सर्जन होते. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, अशी तेव्हा लोकांची पक्की समजूत. माझ्या सासूबाईसुद्धा धरमपेठेतल्या शेजारणींना "सून बायकांची डॉक्टर आहे" असंच सांगायच्या, कारण खरं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न त्यांना झेपले नसते. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, फार तिरसट माणूस. त्यांनी मला मुद्दाम पुरुषांच्या ओपीडीत बसवलं. म्हणाले, "सर्जन व्हायचंय ना? मग अपेंडिक्सच्या पोरी आणि स्तनाच्या गाठी एवढंच निवडून चालणार नाही." मी चिडले आणि बसले. पुढे जन्मभर बसले.

आता पुरुषाची एक गंमत सांगते. त्याला दुखलं की तो घर डोक्यावर घेतो, पण कमरेखाली गाठ आली की त्याची वाचा बसते. खोकल्याची तक्रार घेऊन यायचा, मग गुडघा दाखवायचा, मग भूक लागत नाही म्हणायचा. असे पेशंट मी बाकावरूनच ओळखायला शिकले. नंबर आला की हा माणूस मागच्याला म्हणायचा, "तुमी जा ना गा आधी, मले घाई नाई." असं करत करत ओपीडी संपायच्या वेळी बाकावर तो एकटाच उरायचा. त्याची तक्रार काय असणार ते मला त्याने तोंड उघडण्याआधीच माहीत असायचं.

आणि नव्याण्णव टक्के वेळा ते एकच असायचं. आमच्याकडे डास मुबलक, डासांनी पसरणारा हत्तीरोग मुबलक, आणि त्यामुळे अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी साचणं, म्हणजे हायड्रोसिल, तेही मुबलक. इतकं, की नागपुरात खाली सूज म्हटली की शिपायापासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांचं निदान तयार. बाजाराच्या दिवशी सुई टोचून पाणी काढून देणारे महाभागही होते. पाणी परत भरायचं, कधी पू व्हायचा, आणि मग तो माणूस आमच्याकडे यायचा.

निदानाची आमची पद्धत अगदी साधी. सोनोग्राफी तेव्हा आमच्या दवाखान्यात आली नव्हती. आमच्याकडे होता टॉर्च. एक्स-रेच्या फिल्मवर गुंडाळलेला काळा कागद येतो, त्याची नळी करायची. खोलीच्या खिडकीला घोंगडी लावून अंधार करायचा. सुजेच्या मागून टॉर्च धरायचा आणि पुढून नळी लावून आत पाहायचं. आत पाणी असेल तर सगळं लाल उजळतं. घट्ट मांस असेल तर प्रकाश अडतो, काळोखच दिसतो. काळोख दिसला की आम्ही पुन्हा पुन्हा टॉर्च फिरवायचो, कारण अंडातल्या घट्ट गाठीला कॅन्सर समजूनच पुढचं पाऊल टाकायचं असतं.

एवढी प्रस्तावना पुरे. आता शेवंताकडे येते.

हिवाळ्याचे दिवस होते. त्या दिवशी शेवटच्या बाकावर पुरुषांच्या रांगेत एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, वय पंचविशीच्या आत-बाहेर. नंबर आला की ती मागच्याला पुढे घालत होती. मला वाटलं चुकून आली असेल. शिपायाने तिला दोनदा बायकांच्या बाजूला पाठवलं, ती दोन्ही वेळा परत आली. सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक बोर ठेवलं.

"एवढं हाय," ती म्हणाली.

"काय एवढं आहे?"

"गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं. आता एवढं झालं." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माह्या घरच्या माणसाले. तिथं."

मी म्हटलं, "अगं, मग त्यांना घेऊन ये. बोर तपासून मी काय सांगू?"

"येत नाईत. कोनालेच दाखवत नाईत. मले बी सांगतलं नोयतं, अंधारात हात लागला तं समजलं." आणि मग तिने मान वर केली. "बाई डॉक्टर बसते म्हणून मी आली. पुरुष डॉक्टरले मी कसं सांगतलं असतं, तुमीच सांगा."

नोकरीत इतकी वर्षं झाली होती, पुरुषांच्या ओपीडीत माझ्या बाईपणाचा उपयोग झाला असं पहिल्यांदाच घडत होतं. मी तिला बसवलं, चहा मागवला. नाव शेवंता, राहणार हुडकेश्वर. आज तिथे घरांच्या स्कीमा पडल्यात, फ्लॅट झालेत, पण तेव्हा ते शेतांमधलं गावच होतं. नवऱ्याचं नाव तुळशीराम. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, मूल नाही. त्यावरून सासूचं बोलणं रोजचंच, पण ते ती एका वाक्यात सांगून मोकळी झाली. तिची भीती दुसरीच होती. गावातला एकजण अशाच गाठीत बाजारात सुई टोचून घेऊन आला आणि महिनाभरात गेला होता. "मले हे पाह्यजेत, बाई," ती म्हणाली. "बाकी मी पाहून घेईन."

मी सांगितलं, "कोणालाही सुई लावू देऊ नकोस आणि कसंही करून त्यांना इथं आण." बोर तिने परत पदरात बांधलं नाही. ते उरलेला दिवस माझ्या टेबलावर राहिलं.

तिने त्याला कसं आणलं ऐका. घरी जाऊन सांगितलं की डॉक्टरणीने मलाच भरती व्हायला सांगितलंय, पोटात काहीतरी आहे, नवऱ्याची सही लागते. बिचारा धावत आला. घामाने अंगरखा ओला, डोळे लाल. "काय झालं हिले? वाचंल ना?" असं दारातूनच विचारलं. मी शेवंताकडे पाहिलं, ती जमिनीकडे पाहत होती. मी म्हटलं, "तिला काही झालेलं नाही. तुमची गाठ दाखवा."

असा भडकला! "काहून वं! जगाले सांगत फिरून राहिली का?" म्हणून तिच्यावर ओरडला आणि दाराकडे वळला. ती दारात आडवी उभी राहिली. बाजूला झालीच नाही. तो तिथेच थबकला आणि मला म्हणाला, "बाई, मी तुमाले दाखवत नाई. तुमी बाईमाणूस."

मी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"ढोरायच्या दवाखान्यात हाय. ड्रेसर."

"मग तिथं गाय आली तर काय म्हणता? ही बाईमाणूस आहे, मी नाही तपासत?"

आधी त्याच्या मिशीखाली हसू आलं, मग ते आवरेना. शेवंता पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्याच्या भरात तो पडद्यामागे जाऊन आडवा झाला आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

मी तपासताना पेशंटला त्याच्या कामाबद्दल विचारत राहते. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याचे स्नायू सैल पडतात. तुळशीराम दुपट्ट्याखालून सांगत होता. त्याचं मुख्य काम गोऱ्हे खच्ची करणं. पूर्वी दगडाने बडवायचे, आता सरकारी चिमटा असतो, लांब दांड्याचा. कातडी कापत नाही, रक्त येत नाही, आतली नस तेवढी चेंगरते. "कट्ट आवाज येते, बाई. संपलं. गोऱ्ह्याचा बैल झाला." पंचक्रोशीत त्याचा हात साफ मानत. हे सगळं तो अभिमानाने सांगत होता आणि मी टॉर्च लावला.

गाठ उजव्या अंडावर होती. अंडात नव्हती, हे बोटांना नीट कळत होतं. अंडाच्या डोक्यावर सुताची लडी गुंडाळून ठेवावी तशी एक नळ्यांची जुडी असते. वीर्यातले जीव त्यातून बाहेरच्या वाटेला लागतात. गाठ त्या जुडीच्या डोक्याला धरून होती. नळीतून पाहिलं तर आत लाल उजेड पडला, पण एकसारखा नव्हे. आत पातळ पडदे होते आणि त्यांच्यामुळे उजेडाचे तुकडे झाले होते, आपल्या आकाशकंदिलाच्या पाकळ्यांसारखे. हायड्रोसिल असं दिसत नाही. मला बरं वाटायला लागलं होतं तेवढ्यात एक कोपरा दिसला. घेवड्याच्या बीएवढा, काळा. मी टॉर्च फिरवला, बाजू बदलली, पुन्हा पाहिलं. तो कोपरा काही उजळला नाही.

मग मी डावी बाजू तपासली. डावं अंड वाळलेलं, शेंगदाण्याएवढं. मिसरूड फुटायच्या वयात त्याला गालफुगी झाली होती, तेव्हा ते सुजलं आणि मग सुकलं. म्हणजे या माणसाजवळ होतं ते एकच, आणि त्याच्याच डोक्यावर ही गाठ बसलेली.

अशा गाठी आम्ही पाहत होतो, नाही असं नाही. नुसती पाण्याची असेल तर बिनधोक. पाण्याबरोबर घट्ट भागही असेल तर मात्र प्रश्न पडतो. अशा घट्ट भागाची निरुपद्रवी गाठ असते खरी, पण ती इतकी विरळा की मी ती फक्त पुस्तकात वाचली होती. आणि कॅन्सर असेल तर सुई टोचून बघायची सोय नाही, कारण सुईच्या वाटेने तो पसरतो. उघडूनच पाहायचं. तेही खालून नाही, जांघेत चीर देऊन. आधी अंडाला रक्त नेणारी नस दाबून धरायची, म्हणजे हाताळताना काही सुटून अंगभर पसरत नाही, मग अंड वर ओढून बाहेर घ्यायचं आणि बघायचं.

सरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च लावला, "हं" म्हणाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "काढून टाक सगळं. जीव वाचला म्हणजे झालं." मी म्हटलं, "सर, दुसरं वाळलेलं आहे. आणि मूल नाहीये." सर म्हणाले, "जिवंत राहिला तर मुलाचा विचार करेल ना?" त्यांचं चुकत नव्हतं. पुस्तकही तेच सांगत होतं. मी म्हटलं, "उघडून बघते आणि मग ठरवते." ते म्हणाले, "केस तुझी आहे."

तुळशीरामला भरती केलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याला आणि शेवंताला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. पेशंटपासून लपवायचं नाही, हा माझा बाणा. जांघेत चीर, मग नस चिमट्यात धरायची, मग गाठ बघायची, असं सगळं सांगितलं. शेवंताने दोन-तीन प्रश्न विचारले. तुळशीराम काही बोलला नाही. मला वाटलं, समजूतदार माणूस आहे.

सकाळी पलंग रिकामा होता. शेवंता खाली जमिनीवर बसलेली, मांडीवर त्याचा दुपट्टा. "गेले," ती म्हणाली. "ड्युटीवर जातो म्हणले. नस चिमट्यात धराची म्हणजे काय व्हते, थे मले माईत हाय, म्हणले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाने आयुष्यभर चिमट्याने नस चेंगरली, त्याला मी जाऊन सांगितलं की उद्या तुझी नस मी चिमट्यात धरणार आहे! दुसरा कोणी शेतकरी असता, गिरणी कामगार असता, तर मान डोलावून सही केली असती. ह्याच्या कानात तो कट्ट आवाज वाजला असणार. मला हसावं की रडावं कळेना. ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन मी ऑपरेशनात वापरतो ती रबरी नळी पर्समध्ये टाकली, सिस्टरला सांगितलं यादी पुढे सरकव, आणि स्कूटर काढली. शेवंता मागे बसली. स्कूटरवर ती जन्मात बसली नव्हती. हुडकेश्वर येईपर्यंत तिने माझी कंबर अशी आवळून धरली होती की मला श्वास घेता येत नव्हता.

ढोरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लिंबाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा. खोड्यात एक पांढरा गोऱ्हा उभा होता, मालक त्याच्या तोंडाशी. तुळशीराम मागे वाकलेला. आम्ही कुंपणाशी थांबलो. त्याने हाताने नस चाचपली, चिमटा लावला, आणि तो आवाज आला. गोऱ्ह्याचे मागचे पाय थरथरले. तुळशीरामने चिमटा काढला, सरळ झाला आणि आम्हाला पाहिलं.

"बाई, तुमी काहून आल्या?"

"तुमचा चिमटा बघायला आले," मी म्हटलं. "आणि माझा दाखवायला."

गोऱ्हा बाहेर गेला. मालक बिडी ओढायला रस्त्याच्या कडेला गेला. मी तुळशीरामचा चिमटा हातात घेतला. चांगला जड होता. मग मी पर्समधून नळी काढली. मऊ रबराची, करंगळीहून बारीक. मी म्हटलं, "आम्ही त्याला चिमटा म्हणतो खरं, पण लावतो हे." आणि ती नळी माझ्याच बोटाभोवती गुंडाळून घट्ट धरली. बोटाचं टोक आधी जांभळं झालं, मग निळसर. तुळशीराम बघत होता. जरा वेळाने मी नळी सोडली. निळसर टोक बघता बघता लाल झालं.

"आता तुमच्या चिमट्यात हे बोट घालू का?" मी विचारलं.

"नका हो, बाई!" तो एकदम ओरडला, आणि मग ओशाळून हसला. नळी माझ्या हातातून घेतली, ओढून पाहिली, स्वतःच्या करंगळीला गुंडाळली. निळं होऊ दिलं, सोडलं. लाल झालं. परत गुंडाळली, परत सोडली. त्याला काहीतरी पटत चाललं होतं.

"आन् आत पाह्यल्यावर वंगाळ दिसलं तं?" त्याने खाली बघत विचारलं.

"तर काढावं लागेल. खोटं नाही सांगत."

"म्हणजे मी बैल."

"बैल नाही, तुळशीराम. जिवंत माणूस."

"बैल बी जित्ताच राह्यते, बाई," तो म्हणाला.  

उत्तर शेवंताने दिलं. ती आतापर्यंत कुंपणाला धरून उभी होती. पुढे आली, त्याच्या खांद्यावर त्याचा दुपट्टा टाकला आणि म्हणाली, "तुमी बैल झाले तरी चालते मले. मेले तं नाई चालत." मग दुपट्ट्याचं टोक तसंच धरून म्हणाली, "पोरगं नाई झालं तं नाई झालं. मी कोनाले मांगून नाई राहिली पोरगं. मले तुमी पाह्यजे."

तुळशीरामने डोळे पुसले, चिमटा उचलून आत भिंतीला अडकवला, दाराला कडी लावली आणि म्हणाला, "चला बाई."

ऑपरेशन पाठीत सुई देऊन केलं, म्हणजे कमरेखालचं बधिर आणि माणूस टक्क जागा. छातीवर पडदा होता, पडद्यापलीकडून त्याचा आवाज यायचा.

"बाई, नळी लावली का?"

"लावली."

"निळं झालं?"

"झालंय थोडं. गप्प राहा आता."

अंड गाठीसकट बाहेर घेतलं. अंड स्वतः गुळगुळीत, मोत्यासारखं स्वच्छ. गाठ त्याला चिकटलेली नव्हती. गाठ आणि अंड यांच्यात पातळ पदर होता आणि त्यात माझी कात्री सहज शिरत होती. कॅन्सर असा अदबीने वेगळा बसत नाही, तो शेजारी घुसतो. मी सरांकडे पाहिलं. ते हात मागे बांधून उभे होते. मी ठरवलं. गाठ त्या पदरातून सोडवायला लागले, शक्य तेवढ्या हळू, कारण ती सुताची लडी दुखावली तर अंड राहील पण वाट बंद होईल. गाठ निघाली, ताटलीत कापून पाहिली. आत लहान लहान खोल्या, गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी, आणि एका बाजूला तो घट्ट भाग, करडा पण मऊ. मी नळी सोडली.

"सोडली का, बाई?"

"सोडली."

 "लाल झालं का?"

अंडावर गुलाबी रंग चढत होता. "झालं, तुळशीराम. लाल झालं."

तो पडद्यामागे रडत होता, मोठ्याने, अगदी उघड. भूल देणारे डॉक्टर त्याच्या कपाळावर हात फिरवत होते. सरांनी तोंडावरचा मास्क सारखा केला आणि म्हणाले, "टाके घाल आता. सगळ्यांनी मिळून रडायला हे थिएटर आहे, घर नाही." 

पण खरी परीक्षा पुढेच होती. गाठ कॅन्सरची निघाली असती तर मला त्याला परत टेबलावर घ्यावं लागलं असतं, तेही आणखी धोक्याने. गाठ पॅथॉलॉजीत पाठवली. तिचे पातळ काप करून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिवस लागतात. ते दिवस माझे कसे गेले ते माझ्या नवऱ्याला विचारा, भाजीत मीठ दोनदा पडायचं. तुळशीराम मात्र निवांत. त्याच्या मते लाल झालं म्हणजे झालं. आणि शेवंता रोज वॉर्डच्या दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची.

एके दिवशी पॅथॉलॉजीतले सर स्वतः जिना चढून वर आले. ते कधी येत नसत. मी त्यांना येताना पाहिलं आणि हातातले केसपेपर खाली ठेवले. ते धापा टाकत म्हणाले, "अहो, कुठून आणलीत ही? सिस्टअ‍ॅडिनोमा आहे. साधी गाठ. इतक्या वर्षांत मी ही पहिल्यांदाच बघतोय, पुस्तकाबाहेर." म्हणजे माणूस खुशीत जिना चढला होता, आणि मी मात्र अर्धी मेले होते. मी त्यांना तिथेच टाकून वॉर्डकडे पळाले. शेवंता दाराशी होतीच. मी हसून मान डोलावली. ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली आणि जमिनीला डोकं टेकलं.

एक गोष्ट राहिली. वाट खुली आहे की बंद, हे कळायला वीर्यतपासणी करावी लागते. टाके काढायला आला तेव्हा मी तुळशीरामला बाटली दिली आणि काय करायचं ते सांगितलं. त्याने ती बाटली दोन बोटांत धरली, मग हळूच माझ्या टेबलावर परत ठेवली. "बाई, तुमी सांगान तं पुन्हा कापून घेतो," तो म्हणाला. "पन हे आपल्याच्यानं व्हत नाई." मी पुढे आग्रह केला नाही. जीव वाचला, अंड वाचलं, बाकी वाट त्यांची. पण खरं सांगते, मनात रुखरुख राहिली. माझ्या कात्रीने ते सूत दुखावलं असेल का, हा प्रश्न घेऊन मी कितीदा तरी घरी गेले.

वर्ष गेलं, आणखी एक पावसाळा गेला. त्या दोघांची काही खबर नाही. आमच्या धंद्यात ते चांगलंच समजतात, बरा झालेला माणूस डॉक्टरचं दार विसरतो.

मग एका सकाळी बाकावर नजर गेली तर शेवटी शेवंता बसलेली. पुरुषांच्या रांगेत, एकटी. नंबर आला की मागच्याला म्हणत होती, "तुमी जा ना दादा आधी." माझ्या हातातलं पेन थांबलं. समोर पेशंट खोकत होता, मी त्याची छाती ऐकत होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. परत आली गाठ. नाहीतर ही बाई अशी का बसेल? पॅथॉलॉजीने चूक केली, की मी काही मागे ठेवलं? एकेक पेशंट संपत नव्हता. शेवटी बाक रिकामा झाला, ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि पदराची गाठ सोडायला लागली.

टेबलावर तिने एक संत्रं ठेवलं.

"एवढं झालं," ती म्हणाली.

 बोराचं संत्रं! "कधीपासून? आणि आता येतेस? शेवंता, अगं एवढं होईपर्यंत..."

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं मी काय समजले ते, आणि तिने कपाळावर हात मारला. "अवं बाई, त्याईचं नाई! माहं हाय, माहं!" तिने पोटावर हात ठेवला. "तिकडं बायकायच्या दवाखान्यात गेली होती. सिस्टर म्हणे, दिवस गेले, पिशवी संत्र्याएवढी झाली. तं म्या फाटकावरून संत्रं घेतलं, तुमाले दाखवाले."

मी खुर्चीत मागे रेलले आणि तोंडावर दोन्ही हात घेतले.  शेवंता टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, जणू पेशंट मीच होते.

"तुळशीराम काय म्हणाले?" मी डोळे पुसत विचारलं.

आता ती लाजली. ज्या बाईने नवऱ्याची नको ती तक्रार परक्यांना येऊन सांगितली होती, ती पदराचं टोक चावत उभी राहिली. "त्याईले अजून माईत नाई. बाहेर उभे हायेत झाडाखाली. मले सांगाची लाज वाटते. तुमीच सांगा ना, बाई."

मी संत्रं उचललं आणि बाहेर गेले. तुळशीराम चिंचेखाली उकिडवा बसला होता, मला पाहून उठला.  संत्रं त्याच्या हातात ठेवलं आणि दारातल्या शेवंताकडे बोट दाखवलं. त्याने संत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत संत्र्याकडे पाहिलं. ढोरांच्या दवाखान्यातला माणूस, त्याला समजवायची गरजच नव्हती. संत्रं तळहातावर तोलत तो हळूच म्हणाला, "तिसरा महिना लागला असंल." आणि मग काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. तोंड दुपट्ट्यात लपवून तो होता तिथेच खाली बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड बाहेर काढलं. संत्रं दोन्ही हातांत घट्ट धरलेलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "हे आता खायचं का ठेवायचं?"

"खा," मी म्हटलं. "तिला आधी दे."